पांढऱ्या कापडाखालचे गुरुवार

मी एक जुनी लेथ मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी दमले आहे. कामाने नव्हे. लोखंड कातून कातून लेथ दमली असं आजवर कुणी ऐकलंय का? मला दमवलं ते सत्कारांनी, शालींनी, फुलांच्या गुच्छांनी आणि ‘फक्त दोन शब्द बोलतो’ म्हणून तासभर न थांबणाऱ्या पाहुण्यांनी. भोसरीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये, डाव्या भिंतीला लागून मी उभी असते. मला कुणी काही विचारत नाही, म्हणून आज मीच सांगायला बसले आहे. बसले म्हणजे काय, मला मेलीला बसता कुठे येतं!

माझा जन्म पंजाबातला. तिथल्या एका भट्टीत मला ओतलं, तासलं, हिरवा रंग फासला आणि ट्रकमध्ये घालून इकडे पाठवलं. उमेदीची वर्षं आकुर्डीकडच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. तिथे नवी पोरं माझ्यावर काम शिकायची. शिकायची म्हणजे काय, माझ्यावर पाने आपटायची, चुकीचा गिअर टाकून मला किंचाळायला लावायची आणि मास्तर आले की साळसूद तोंड करून उभी राहायची. पण त्यातली कित्येक पुढे चांगली कारागीर झाली, म्हणून मी ते सगळं पोटात घातलं. पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि आमची रांगच्या रांग लिलावात निघाली. मला हिंदुरावांनी घेतलं.

हिंदुराव साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले. नोकरी सोडून त्यांनी ही शेड भाड्याने घेतली आणि माझ्या जिवावर धंदा उभा केला. माणूस तोंडाने तिखट, पण मशीनची कदर असलेला. आमच्या या पट्ट्यात जगासारखा रविवार नसतो, आठवड्याची सुट्टी गुरुवारची. पूर्वी विजेची टंचाई होती तेव्हा हा वार वाटून दिला म्हणतात. वीज आली, सुट्टी तिथेच राहिली. गुरुवारी इथली माणसं दाढी-कटिंग करतात, पोरांना घेऊन बाजारात जातात, सोयरिकी बघतात. आणि आमचीही एक रीत होती. बुधवारी संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी सगळं काम थांबवायचं. अंगावरचा लोखंडाचा बुरादा ब्रशने झाडायचा, फडक्याने पुसायचं आणि माझ्या पाठीवर तेलाचा हात फिरवायचा. माझी पाठ म्हणजे तो लांब, गुळगुळीत बेड, ज्याच्यावरून हत्यार मागे-पुढे सरकतं. तिथे गंज चढला की काम वाकडं व्हायला लागतं. म्हणून अंगभर तेल लावून गुरुवारी निवांत पडून राहायचं. काय सुख होतं ते!

हे तेल लावायचं काम ज्योतीरामचं. ज्योतीराम धाराशिवकडून एक पिशवी घेऊन आला होता आणि हिंदुरावांनी त्याला माझ्यापुढे उभं केलं. तेव्हापासून तो माझा आणि मी त्याची. तो काही संत वगैरे नव्हता बरं का. मिशीला कंगवा लावल्याशिवाय मशीन सुरू करायचा नाही. चांगली हत्यारं आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि दुसऱ्या कुणी मागितली की ‘बोथट झाल्यात’ म्हणून सांगायचा. दुसऱ्या पाळीच्या माणसाने मला हात लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुगून बसायचा. पण त्याचा हात हँडलवर पडला की मला कळायचं, आता काम सरळ होणार. नुसत्या आवाजावरून ओळखायचा की मला कुठे दुखतंय. एक मात्र खोड होती त्याला. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं त्याला जमायचं नाही, आणि मालकाला तर नाहीच नाही.

हिंदुरावांचे गुडघे गेले तसे ते गावी जाऊन राहिले आणि शेड शेखरकडे आली. शेखर म्हणजे त्यांचा मुलगा. शिकलेला, हसतमुख, माणसांचा भुकेला. त्याने दोन कॉम्प्युटरची मशीनं आणली, पण मला काढलं नाही. सुटी, आडवीतिडवी कामं माझ्यावरच यायची. शेखरची बायको विजयश्री शेडचा माल पाठवणं, बिलं, फोन हे सगळं सांभाळायची. ती बोलायला फटकळ होती आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असायचं, म्हणून शेखर तिला जरा वचकून असायचा.

धंद्याची एक दुखरी नस होती. बरंचसं काम एकाच कंपनीचं. त्या कंपनीने काम कमी केलं की आमच्याकडे शुकशुकाट. अशाच एका मंदीत शेखर कुठल्याशा हॉटेलात उद्योजकांच्या शिबिराला जाऊन आला. गळ्यात नावाचं कार्ड तसंच लटकत होतं आणि डोळे लकाकत होते.

“विजू, आपण कट्टा सुरू करायचा,” तो म्हणाला. “उद्योग कट्टा. नवीन धंदा करणाऱ्यांनी यायचं, जुन्यांनी अनुभव सांगायचे. अगदी मोफत. आपल्याच शेडमध्ये.”

“आणि मशीनं कुठे नेऊन ठेवायची? डोक्यावर?”

“गुरुवारी शेड रिकामीच असते की. ओळखी वाढतील, लोक आपलं काम बघतील. दारात गिऱ्हाईक येईल, बघ तू.”

“लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे, दुसरं काय,” विजयश्री म्हणाली. पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा इतक्या दिवसांनी खुललेला बघून ती पोहे निवडायला लागली.

पहिला कट्टा झाला त्याच्या आदल्या बुधवारी दुपारीच मशीनं थांबवली. साबणाच्या पाण्याने फरशी धुतली. खुर्च्या आल्या, माइक आला, मागे मोठा बॅनर लागला. मग शेखरचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अगदी बॅनरच्या शेजारी. माझं काय करायचं? त्याने एक पांढरं शुभ्र कापड आणलं, मला नखशिखांत झाकलं आणि म्हणाला, “वा! टेबलच झालं की. गुच्छ, पाण्याच्या बाटल्या, सगळं इथे ठेवू.” कापडाला तेलाचे डाग पडायला लागले, तसं त्याने ज्योतीरामला माझ्या पाठीवरचं तेल पुसून काढायला सांगितलं. ज्योतीरामने हातातल्या फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “बरं साहेब,” म्हणाला आणि पुसलं.

पाहुणे आले. नावं नोंदवलेले निम्मे आले नाहीत, आणि जे आले त्यातले काही पोहे संपल्यावर फोन कानाला लावून जे बाहेर गेले ते गेलेच. फुकट ते पौष्टिक! पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी शेडमध्ये चांगलंही घडलं. एकट्याने धंदा रेटणारी माणसं एकमेकांशी बोलली. एकाने भर सभेत सांगितलं की त्याने कंपनी बंद केली आहे आणि अजून घरी सांगितलेलं नाही. तो रडला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चाकणचा एक भट्टीवाला भेटला, त्याच्यामुळे माल भट्टीत तापवून पक्का करायला लांब पाठवायचा त्रास वाचला. आणि जयसिंग भेटला.

जयसिंग मोशीचा. जुन्या गावकरी घराण्यातला, अंगापिंडाने भरलेला, खिशात दोन फोन. त्याची चाकणला शेड होती आणि तिथे मशीनं जास्त, माणसं कमी. त्याने कापडाचा कोपरा वर करून माझ्याकडे निरखून बघितलं.

“ही चालू हाय व्हय?” त्याने विचारलं.

“चालू म्हणजे? सकाळी सुरू केली की संध्याकाळीच थांबते,” शेखर म्हणाला आणि ज्योतीरामला हाक मारून माझ्यावर केलेल्या बुशिंगा दाखवल्या. बुशिंग म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं धातूचं कडं. जयसिंगने एक बोटात घालून फिरवून पाहिलं आणि एका शब्दात काम देऊन टाकलं. त्याच्या कामाने आमची मंदी सरली. विजयश्रीसुद्धा म्हणाली, “मानलं बाई तुमच्या कट्ट्याला!” त्या आनंदात माझ्यावरच्या गुच्छातलं पाणी गळत होतं ते कुणालाच दिसलं नाही.

शुक्रवारी कापड निघालं तेव्हा माझ्या पाठीवर तांबूस डाग होते. ज्योतीराम बाकीच्यांच्या आधी आला होता. त्याने रॉकेल घेतलं, पॉलिश पेपर घेतला आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत घासत बसला. ते पुटपुटणं इथे सांगण्यासारखं नाही.

कट्टा महिन्यातून एकदाच ठरला होता. पण एकदा लोकांना वाट कळली की गर्दी वाढते. कुणी म्हणालं बँकेच्या कर्जावर वेगळं सत्र घ्या. कुणी म्हणालं महिलांसाठी घ्या. मग कट्ट्याची समिती झाली, समितीची बैठक आली. बघता बघता महिन्याचे सगळेच गुरुवार भरले. शेखरचं नाव झालं. चाकणच्या कंपन्यांत गेला की लोक म्हणायचे, “अहो, तुम्हीच ना ते कट्टेवाले?” आणि आत बोलवायचे. हा फायदा खराच होता. चहा, खुर्च्या, माइक यांचा खर्च शेखरला दिसत होता आणि तो हिशेबात धरत होता. पण बुधवारी दुपारपासून बंद पडणारी मशीनं त्याने कधी धरली नाहीत. आठवडाभर वाजणारे फोन, त्या नादात उशिरा गेलेला माल, पहाटे उठून पोहे करणाऱ्या विजयश्रीची कंबर, यातलं काहीच त्याला दिसत नव्हतं. आणि ज्योतीराम तर मुळीच नाही.

ज्योतीरामने मोशीच्या बाजूला अर्धा गुंठा जागा घेतली होती. दिघीत भाड्याच्या खोलीत तो, त्याची बायको इंद्रायणी आणि मुलगी अपेक्षा राहायचे. घर ते स्वतःच बांधत होते. इंद्रायणीचा भाऊ गवंडी, तोही इथल्याच एका कारखान्यात कामाला, त्यामुळे त्यालाही गुरुवारच मोकळा. भाऊ विटा रचायचा, ज्योतीराम माल कालवायचा, इंद्रायणी आणि अपेक्षा पाणी मारायच्या. हे मला कसं माहीत? अहो, तिचा फोन आला की तो माझ्या टूलच्या ट्रेमध्ये ठेवून स्पीकरवर बोलायचा. हात तेलकट असायचे ना.

कट्टा सुरू झाल्यापासून भिंत कमरेपर्यंत येऊन थांबली होती. ज्योतीराम गुरुवारी सकाळपासून शेडमध्ये. खुर्च्या लाव, माइक बघ, चहा दे, पाहुण्यांच्या गाड्या लाव. कार्यक्रम संपला की खुर्च्या उचल, बॅनर काढ, उष्टे कप गोळा कर.

“दादा सकाळपासून येऊन बसलाय इथं,” फोनवर इंद्रायणी म्हणायची. “तुम्ही कवा येताव?”

“येतो की. पावणे बोलायलेत अजून.”

“पावण्यांना घर नाही का?”

एका बुधवारी ज्योतीराम धीर करून शेखरपुढे उभा राहिला. मी दोघांच्या मध्ये होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

“साहेब, उद्या मी येत नाही.”

“का रे? तब्येत बरी आहे ना?”

“घराची भिंत राहिली ओ.”

“मग मंगळवारी घे ना सुट्टी! भरपगारी देतो.”

“मेव्हण्याला गुरुवारच असतोय, साहेब.”

“असं कर, उद्याची डबल हजेरी लावतो. तू नसलास तर कट्टा कोण बघणार? लोक माझ्याआधी तुला ओळखतात आता.”

“पैशे नकोत, साहेब,” ज्योतीराम खाली बघत म्हणाला. “गुरुवार तेवढा द्या.”

तेवढ्यात शेखरचा फोन वाजला. प्रमुख पाहुण्यांचा होता. तो बोलत बोलत बाहेर गेला.  ज्योतीरामने पांढरं कापड उचललं आणि माझ्यावर घातलं. माझ्या अंगात जीव असता ना, तर त्या कापडाच्या चिंध्या केल्या असत्या मी!

शेखरने अर्धंच ऐकलं होतं. संध्याकाळी तो विजयश्रीला सांगत होता, “ज्योतीराम डबल हजेरीला नको म्हणाला. पैसे नकोत म्हणाला, विजू! अशी माणसं मिळतात का आता?”

“पुढे काय म्हणाला?”

“पुढे काय म्हणणार? भिडस्त माणूस आहे. मी ठरवलंय, पुढच्या कट्ट्याला त्याचा सत्कार करायचा.”

“अहो, आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं चाललंय तुमचं. त्याला एक सुट्टी द्या, सत्कार कसला करता?”

“सुट्टी काय, कधीही घेईल. मान असा रोज मिळतो का?”

मित्रांनो, शेखर वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याचा राग धरता आला असता. त्याचं ज्योतीरामवर मनापासून प्रेम होतं. फक्त आपल्याकडे कुणाचं काही देणं लागलं की माणसं शाल आणि नारळ शोधायला लागतात, तशातली त्याची गत झाली.

सत्काराचा गुरुवार उजाडला. ज्योतीरामला सुखद धक्का द्यायचा म्हणून शेखरने परस्पर इंद्रायणीला आणि अपेक्षाला बोलावून घेतलं होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नव्या साड्या नेसून, अवघडून. त्यांना बघून ज्योतीरामचा चेहरा कसा झाला ते मी कापडाच्या फटीतून पाहिलं. त्या दोघी इथे म्हणजे तिकडे मेव्हणा एकटा आला असणार आणि जागेवर कुणी नाही बघून परत गेला असणार. जयसिंगही तिसऱ्या रांगेत होता.

ज्योतीरामला फेटा बांधला. शाल घातली. नारळ दिला. शेखर माइकवर भरभरून बोलला. “या माणसाने मला सांगितलं, पैसे नकोत! ही आपल्या मातीतली निष्ठा आहे!” टाळ्या झाल्या. मग त्याने माइक ज्योतीरामच्या हातात दिला.

ज्योतीरामने माइक दोन्ही हातांनी धरला. फेट्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. मग आधार म्हणून त्याने एक हात सोडून माझ्यावर ठेवला. कापडावरून का होईना, पण तोच हात.

“मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. “साहेबांनी लई मान दिला. हिंदुराव अण्णांचं मीठ खाल्लंय मी, ते विसरणार नाही. पण मी पुढच्या महिन्यापासून जयसिंगभाऊंच्या शेडला जायलोय. तिथं गुरुवारी कुलूप असतंय. कालपासून सांगायचं म्हणतोय, साहेबांना सवड नव्हती. तेवढंच.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मित्रांनो, त्यांना टाळ्यांची इतकी सवय झाली होती की माणूस काय बोलला ते कळायच्या आत हात वाजले. मग एकेक हात थांबत गेला. शेखर माझ्या शेजारी उभा होता, हसरा चेहरा तसाच ठेवून, कारण तो उतरवायचा कसा ते त्याला कळेना.

कार्यक्रम कसाबसा उरकला. जयसिंग जाताना शेखरजवळ आला. एवढा धिप्पाड गडी, पण मान खाली.

“शेखरराव, म्या त्याला म्हनलं व्हतं, आदी मालकाला इचार. त्यांनी न्हाई म्हनलं तर मला बी नको.”

“विचारलं होतं त्याने,” विजयश्री म्हणाली.

सगळे गेल्यावर नवरा-बायको दोघंच खुर्च्या उचलत राहिले. त्या दिवशी उचलायला दुसरं कोणी नव्हतं.

“मला नीट सांगायचं तरी ना त्याने,” शेखर पुन्हा पुन्हा म्हणत होता. “मी काय राक्षस आहे का? सांगितलं असतं तर दिला नसता का गुरुवार?”

“सांगत होता तो. तुमच्या हातात कायम एक तर फोन होता, नाही तर माइक,” विजयश्री म्हणाली. तिने खुर्चीवर खुर्ची चढवली. “आणि मला कळत होतं, तरी मी पोहेच परतत बसले.”

महिना संपला तसा ज्योतीराम गेला. शेवटच्या दिवशी त्याने कपाट उघडून सगळी चांगली हत्यारं माझ्या ट्रेमध्ये मांडली. तेल लावलं, जरा जास्तच लावलं. माझ्याशी काही बोलला नाही. मशीनशी बोलणारा तो माणूसच नव्हता.

त्याच्या जागी आलेला मुलगा कॉम्प्युटरच्या मशीनवर तरबेज होता, पण मला घाबरायचा. गुच्छांच्या पाण्याने गंजून माझ्या पाठीला आता खड्डा पडला होता, तो त्याला सांभाळता येईना. जयसिंगच्या बुशिंगा दोनदा परत आल्या. मग जयसिंगने संकोचत फोन केला की आता चांगला हात त्याच्याच शेडमध्ये आहे, तर ते काम तो तिथेच करून घेईल. कट्ट्याने आणलेलं काम कट्ट्याच्याच वाटेने गेलं, आणि जाताना माणूस घेऊन गेलं. मी भिंतीला लागून नुसती उभी राहिले. कामावाचून उभं राहणं फार दमवतं मित्रांनो, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पुढचे कट्टे आधीच ठरलेले होते, म्हणून होत राहिले. अशाच एका कट्ट्यात प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. उत्कर्षा तिचं नाव. दिघीहून आलेली, छोटं वर्कशॉप सुरू करण्याच्या खटपटीत होती.

“सर, मीही माझ्याकडे असे मोफत कार्यक्रम ठेवायचं म्हणतेय. धंद्याला फायदा होतो का?”

शेखर सवयीने फुलला. “होतो ना! नाव होतं. नवी कामं मिळतात. कंपन्यांची दारं उघडतात. चांगला भट्टीवाला मला इथेच मिळाला.” हे सगळं खरंच होतं.

“आणि खर्च किती येतो?”

“खर्च काय, चहा, पोहे, खुर्च्या, साउंड…” बोलता बोलता त्याने चहा आला का ते बघायला दाराकडे नजर टाकली. दारात कोणी नव्हतं. तो थांबला. 

“एक ज्योतीराम,” तो म्हणाला.

कोणाला काही उमगलं नाही. पण या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेखरने माझ्यावरचे गुच्छ खाली ठेवले आणि पांढरं कापड ओढून काढलं. त्या ओल्या, डागाळलेल्या पाठीकडे बघून पुढच्या रांगेतल्या जुन्या कारागिरांनी ‘अरेरे’ केलं. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

कट्टा बंद झाला नाही, पण गुरुवारचा राहिला नाही. आता महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी, पहिली शिफ्ट सुटली की भरतो. सत्कार नाहीत. ज्याने त्याने आपला कप विसळायचा आणि आपली खुर्ची आपण उचलून ठेवायची. पोहे बंद झाले तशी निम्मी माणसं गळाली. शेखरचं नाव पूर्वीइतकं गाजत नाही आणि कामंही पूर्वीइतकी चालून येत नाहीत. ते दुःख तो लपवत नाही. बुधवारी संध्याकाळी मला तेल मात्र तो स्वतः लावतो. हात नवशिका आहे. कोपरे राहतात.

परवा, दुपारच्या डब्याच्या वेळी, ज्योतीराम शेडमध्ये आला. मिशी काळी केलेली. आधी माझ्याजवळ आला, पाठीवरून अंगठा फिरवला, खड्डा चाचपला आणि ‘च्च’ केलं. मग शेखरपुढे उभा राहिला.

“साहेब, घर झालं. वास्तुशांत ठिवलीय. तुम्ही, ताई, दोघांनीबी यायचं.”

“अरे वा! कधी?”

“गुरुवारी हाय.” तो जरा थांबला. “पण तुमचा कार्यक्रम असंल.”

शेखरला ते कुठे लागलं ते मला दिसलं.  तो म्हणाला, “पंगतीला किती माणूस आहे?”

“हाय की बक्कळ. गावाकडचे येणारेत.”

“वाढायला कोण आहे?”

“बघू की. पोरं हायत गल्लीतली.”

“मी आहे,” शेखर म्हणाला. “सकाळपासून येतो. खुर्च्या लावायच्या असतील, उष्टी उचलायची असतील, मला सांग. तू त्या दिवशी कशाला हात लावायचा नाहीस. पाटावर बसायचं.”

“कसं बोलताव, साहेब! तुम्ही कशाला उष्टी…”

“एवढं माझं ऐक, ज्योतीराम,” शेखर म्हणाला.

ज्योतीरामने तोंडावर नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे त्याला ते जमलं नाही. विजयश्री केबिनच्या दारात उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि दोघांनाही ‘डबे गार होतायत’ म्हणून ओरडली.

मित्रांनो, ज्योतीराम परत येणार नाही. त्याला तिकडे बरं आहे आणि त्याने तिथेच राहावं. माझ्या पाठीवरचा खड्डाही आता भरून निघायचा नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी मोफत कार्यक्रम ठेवला तर जरूर जा, शिका, ओळखी करा, त्यातून धंदाही वाढवा. फक्त तुमच्या हातात चहाचा कप देणाऱ्या माणसाला एकदा विचारा, बाबा रे, आज तुझी सुट्टी होती का? तो ‘नाही’ म्हणाला तर चहा गोड मानून प्या. तो गप्प राहिला तर कप विसळा, आपली खुर्ची उचला आणि लवकर निघा.

चला, शेखर फडकं घेऊन येतोय. आज बुधवार आहे, आणि उद्या तो पंगतीत वाढायला जायचा आहे.